पाय मोजल्याशिवाय ऑपरेशनला घेऊ नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, राज्य आरोग्य हमी सोसायटी आणि महाराष्ट्रातील सर्व स्त्री-कर्करोग शस्त्रक्रिया विभागांचे प्रमुख यांस

विषय: कर्करोगासाठी लसिका ग्रंथी काढलेल्या महिलांच्या पायांची सूज

महोदय, महोदया,

गर्भाशय, गर्भाशयमुख, बीजांडकोश आणि योनिमुख यांच्या कर्करोगात अनेकदा ओटीपोटातील किंवा जांघेतील लसिका ग्रंथी काढाव्या लागतात. त्यानंतर बऱ्याच महिलांच्या पायांना, जांघेला, ओटीपोटाला आणि गुप्तांगाला सूज येते आणि ती पुढे जन्मभर सांभाळावी लागते. या आजाराचे नाव लिम्फिडिमा. शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि परिचर्या अशा तिन्ही बाजूंनी या महिलांसोबत काम करणारे आम्ही लोक हे पत्र लिहीत आहोत. आमची मुख्य मागणी एका वाक्याची आहे. दोन्ही पायांचे माप केसपेपरवर नोंदवलेले नसेल, तर त्या महिलेचे नाव ऑपरेशनच्या यादीत चढवू नये. रक्तगट आणि हिमोग्लोबिन नसेल तर भूलतज्ज्ञ केस घेत नाहीत. पायांच्या मापालाही तोच दर्जा द्यावा.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी मंत्रालयापर्यंत का यावे लागते, असे कुणी विचारेल. कारण ही सूज कुणाच्याच खात्यात बसत नाही. सर्जन कर्करोग परत आला नाही ना, एवढे पाहतो. किरणोपचार विभाग आपला कोर्स पूर्ण करतो. तोवर महिला गावी गेलेली असते, आणि पाय सुजला की ती ज्या दवाखान्यात जाते तिथे तिच्या पोटात काय कापले गेले याचा कागद नसतो.

आधी शरीरात काय बिघडते ते पाहू, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच कळतात. पायातील लसिका, म्हणजे ऊतींमधून गोळा होऊन रक्ताकडे परतणारा द्रव, जांघेतील ग्रंथींतून वर चढते, ओटीपोटात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने जाते, महाधमनीलगतच्या ग्रंथी ओलांडते आणि शेवटी मानेच्या डाव्या बाजूला शिरेत मिसळते. शस्त्रक्रियेत हाच मार्ग मधोमध तुटतो. ऊतींमधले बरेचसे पाणी शिरांतून परत जाऊ शकते. प्रथिनांना मात्र लसिकावाहिन्यांखेरीज दुसरी वाट जवळजवळ नाही. ती तिथेच साठतात, पाणी धरून ठेवतात आणि काही महिन्यांनी तिथे तंतू व चरबी तयार होऊ लागते. सुरुवातीला बोटाने दाबले की खड्डा पडतो आणि रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी सूज उतरते. पुढे तीच सूज घट्ट होते आणि उतरायची थांबते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यात का चालत नाहीत, तेही इथेच कळते. गोळी पाणी काढते, प्रथिने जागीच राहतात, पाणी पुन्हा भरते. तरीही पाय सुजलेली बाई आली की फ्युरोसेमाइड लिहून देण्याची सवय जागोजागी आहे. ती मोडायला हवी.

हे दुर्मिळ नाही. अमेरिकेतील गायनॅकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुपने आपल्या 244 क्रमांकाच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी पाय मोजले आणि नंतर 2 वर्षे मोजत राहिले. पायाचे आकारमान 10 टक्के किंवा त्याहून अधिक वाढलेल्या महिलांचे प्रमाण गर्भाशयाच्या कर्करोगात 34 टक्के, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात 35 टक्के आणि योनिमुखाच्या कर्करोगात 43 टक्के निघाले. वाढ सर्वाधिक दिसली ती शस्त्रक्रियेनंतर 4 ते 6 आठवड्यांच्या तपासणीत, म्हणजे आपल्याकडे टाके काढून महिला नुकतीच घरी स्थिरावत असते त्या दिवसांत. काहींची ही सुरुवातीची सूज ओसरते. काहींची राहते, आणि काहींना ती काही वर्षांनंतरही प्रथमच येते. शस्त्रक्रियेच्या जोडीला ओटीपोटावर किरणोपचार झाले असतील तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अनेक महिला इतक्या उशिरा येतात की त्यांना शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि केमोथेरपीच द्यावी लागते. त्यांच्याही पायांना सूज येते. म्हणून मापाचा नियम त्यांनाही लागू असावा.

आता माप. यासाठी लागते ती न ताणली जाणारी फायबरग्लासची टेप, त्वचेवर खूण करायचे पेन आणि एका पायाला साधारण 10 मिनिटे. शिंप्याची कापडी टेप वापरू नये, ती वापरून वापरून ताणते आणि सहा महिन्यांनी वेगळेच माप दाखवते. महिलेला पाठीवर झोपवावे, पाय सरळ, स्नायू ढिले. घोट्याच्या हाडाच्या वरपासून जांघेपर्यंत दर 4 सेंटिमीटरवर खूण करावी आणि प्रत्येक खुणेवर घेर घ्यावा. टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. पहिली खूण तळपायापासून किती अंतरावर केली ते लिहून ठेवावे, नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्याच जागी टेप लागते आणि सगळे माप निरुपयोगी ठरते. पाऊलाच्या मध्यावरचा घेर वेगळा घ्यावा. बेंबीखालचा ओटीपोटाचा घेर आणि वजनही त्याच दिवशी नोंदवावे.

दोन खुणांमधल्या तुकड्याचे आकारमान काढणे सोपे आहे. खालच्या घेराचा वर्ग, वरच्या घेराचा वर्ग आणि दोन्ही घेरांचा गुणाकार यांची बेरीज करायची, तिला 4 ने गुणायचे आणि 37.7 ने भागायचे. उत्तर मिलिलिटरमध्ये येते. समजा शस्त्रक्रियेआधी मांडीवरच्या एका तुकड्याचे घेर 47 आणि 49 सेंमी होते. तुकडा सुमारे 733 मिली भरतो. तीन महिन्यांनी तेच घेर 50 आणि 52 झाले, तर तो सुमारे 828 मिली होतो. म्हणजे घेरात 3 सेंमीचा फरक आणि आकारमानात जवळपास 13 टक्के वाढ. साडीखाली मांडीवरचे 3 सेंमी कुणाच्याही नजरेला दिसत नाहीत, खुद्द त्या महिलेच्याही नाही. तिला फक्त पाय जड वाटतो. आधीचे माप नसेल तर ‘ऑपरेशननंतर असे वाटतेच’ म्हणून तिला घरी पाठवले जाते, आणि उपचाराने सहज उतरली असती अशी सूज घट्ट होईपर्यंत वेळ जातो.

स्तनाच्या कर्करोगात सुजलेल्या हाताची तुलना दुसऱ्या हाताशी करता येते. इथे ते चालत नाही. ओटीपोटातील ग्रंथी बहुधा दोन्ही बाजूंच्या काढलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही पाय कमी-जास्त सुजू शकतात. दुसरा पाय निरोगी धरून केलेली तुलना खोटी ठरते. शस्त्रक्रियेआधीचे माप हाच एकमेव आधार आहे, आणि तो नंतर कुठूनही आणता येत नाही. याच एका कारणासाठी आम्ही एवढा हट्ट धरून बसलो आहोत.

मापाचे वेळापत्रकही ठरलेले असावे: शस्त्रक्रियेआधी, 6 आठवड्यांनी, पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर 6 महिन्यांनी. कर्करोगाच्या फेरतपासणीसाठी महिला तशीही येते. त्याच दिवशी, त्याच ओपीडीत हे व्हावे. ‘फिजिओथेरपीला दाखवून घ्या’ अशी चिठ्ठी देऊन दुसऱ्या इमारतीत पाठवले की परतीची एसटी चुकेल या भीतीने अर्ध्या जणी तिकडे जातच नाहीत. मापासोबत चार प्रश्न विचारावेत. पाय जड वाटतो का? एकाच पायाची चप्पल घट्ट होते का? सलवार किंवा लेगिंग मांडीला आवळते का? खालच्या भागात फुगल्यासारखे वाटते का? चौथा प्रश्न परिचारिकेने पडद्याआड विचारावा. गुप्तांगाच्या सुजेबद्दल महिला आपण होऊन बोलत नाहीत. बसता येत नाही, लघवीची धार वाकडी जाते, त्वचेवर छोट्या फोडांतून पाणी झिरपते, इथवर गेले तरी त्या घरातसुद्धा सांगत नाहीत.

पाठ्यपुस्तकातली एक तपासणी इथे फसवते, तेही सांगायला हवे. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमूट धरता आली नाही तर लिम्फिडिमा आहे असे समजतात. चिमूट धरता आली म्हणजे आजार नाही, असे मात्र नव्हे. या महिलांमध्ये सूज बऱ्याचदा वरून, म्हणजे जांघ, मांडी आणि ओटीपोटाकडून सुरू होते. बोटे शेवटी सुजतात किंवा कधीच सुजत नाहीत.

विभागप्रमुखांना आता शस्त्रक्रियेबद्दल. सर्वांत चांगला लिम्फिडिमा म्हणजे न होऊ दिलेला, आणि तो टाळण्याची मोठी संधी टेबलावरच असते. योनिमुखाच्या कर्करोगात गाठ एकच, 4 सेंमीपेक्षा लहान आणि जांघेतील ग्रंथी संशयास्पद नसतील, तर फक्त पहारेकरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून येणारी लसिका सर्वांत आधी जिथे पोहोचते त्या ग्रंथी, काढून तपासणे पुरते, हे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या अभ्यासाने दाखवले. ज्यांच्या फक्त पहारेकरी ग्रंथी काढल्या त्यांच्यात लिम्फिडिमा 1.9 टक्के, आणि ज्यांच्या जांघेतील सर्व ग्रंथी काढाव्या लागल्या त्यांच्यात 25.2 टक्के. जखम उसवण्याचे प्रमाण 11.7 टक्क्यांवरून 34 टक्क्यांवर गेले होते. या आकड्यांनंतरही पात्र महिलेची जांघ दोन्ही बाजूंनी पूर्ण साफ केली जात असेल, तर त्याचे कारण केसपेपरवर लिहिलेले असावे.

गर्भाशयाच्या कर्करोगात 2017 च्या फायर्स अभ्यासात पहारेकरी ग्रंथीची तपासणी 97.2 टक्के संवेदनशील निघाली, म्हणजे ग्रंथींत पसरलेला कर्करोग तिने तेवढ्या टक्के महिलांत पकडला. त्याआधीच इटलीतील 2008 च्या आणि ब्रिटनमधील 2009 च्या अॅस्टेक अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यात ओटीपोटातील सर्व ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढते असे दिसले नव्हते. बीजांडकोशाच्या पसरलेल्या कर्करोगात, गाठी पूर्ण काढून झाल्यावर निरोगी दिसणाऱ्या ग्रंथी उपटून काढण्याचा फायदा नाही आणि गुंतागुंत मात्र वाढते, हे 2019 च्या लायन अभ्यासाने 647 महिलांमध्ये दाखवले. काढलेल्या ग्रंथींची संख्या मोजून शस्त्रक्रियेचा दर्जा ठरवण्याची सवय आता सोडावी.

पहारेकरी ग्रंथी शोधायला इंडोसायनिन ग्रीन हा रंग आणि तो पाहणारा अवरक्त कॅमेरा लागतो. 25 मिलिग्रॅमची कुपी 20 मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, म्हणजे 1 मिलीत 1.25 मिलिग्रॅम होते. गर्भाशयमुखावर घड्याळाच्या 3 आणि 9 च्या जागी, प्रत्येक ठिकाणी 1 मिली वरवर आणि 1 मिली साधारण 1 सेंमी खोल, असे एकूण 4 मिली द्यायचे. इंजेक्शन सावकाश द्यावे. घाईत दाबले की रंग बाहेर सांडतो आणि शस्त्रक्रियेची सगळी जागाच हिरवी दिसू लागते. एखाद्या बाजूला रंग पोहोचलाच नाही, तर फक्त त्या बाजूच्या ग्रंथी काढायच्या, दोन्ही बाजूंच्या नाहीत. कॅमेरा महाग आहे, मान्य. पण तो एका मध्यवर्ती रुग्णालयात आणून आसपासच्या जिल्ह्यांतील पात्र महिला तिथे पाठवता येतात. पॅथॉलॉजी विभागाला पहारेकरी ग्रंथीचे बारीक काप करून विशेष रंगाने तपासण्याची सोय द्यावी लागेल, नाहीतर कॅमेऱ्याचा अर्धा उपयोग वाया जाईल.

जिथे सर्व ग्रंथी काढणे अटळच आहे तिथेही एक गोष्ट हातात राहते. ओटीपोटातून पायाकडे जाणाऱ्या बाह्य इलियाक वाहिन्यांच्या अगदी खालच्या टोकाला, खोल सर्कमफ्लेक्स इलियाक शिरेच्या पलीकडे ज्या ग्रंथी असतात, त्यांतून पायाची बरीच लसिका वर जाते. त्या गरज नसताना काढल्या की पाय सुजण्याचे प्रमाण वाढते. शिर दिसली की तिथे थांबावे. जांघेच्या शस्त्रक्रियेत लांब सफेनस शिर, म्हणजे पायाच्या त्वचेखालची मोठी शिर, शक्य तिथे जपावी.

लिम्फोसीलबद्दल थोडक्यात. काढलेल्या ग्रंथींच्या जागी लसिकेची पिशवी साठते. बहुतेक पिशव्या त्रास देत नाहीत आणि काही महिन्यांत आटतात. सोनोग्राफीत सहज दिसली म्हणून तिला सुई लावू नये, त्यातून जंतू आत जातात. ताप, कंबर किंवा ओटीपोटात दुखणे, एका पायाला सूज, मूत्रनलिका दाबली जाऊन मूत्रपिंड फुगणे यांपैकी काही असेल तरच हात घालावा. तेव्हाही एकदाच सुईने पाणी काढले तर पिशवी बहुधा पुन्हा भरते. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने नळी ठेवून निचरा करावा, गरज पडल्यास पोव्हिडोन आयोडीन किंवा अल्कोहोल आत सोडून ती मिटवावी, आणि तरीही न भागल्यास दुर्बिणीतून पिशवीची भिंत पोटाच्या पोकळीत उघडावी. पोटाचे आवरण उघडे ठेवलेले असताना केवळ लिम्फोसील होऊ नये म्हणून ड्रेन ठेवण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.

महाधमनीलगतच्या ग्रंथी काढल्यावर, महिला जेवू लागताच ड्रेनमधून दुधासारखे पाणी आले तर तो अन्नरस, म्हणजे आतड्यातून चरबी वाहून आणणारी लसिका आहे. त्या पाण्यातील ट्रायग्लिसराइड तपासावे. आहार कमी चरबीचा, प्रथिनांचा आणि मध्यम साखळीच्या मेदाचा (एमसीटी) असावा. कोकणात आणि गोव्यात यासाठी घरचे खोबरेल चालेल का, असे नातेवाईक विचारतात. चालत नाही. खोबरेलात मुख्य वाटा लॉरिक आम्लाचा असतो आणि ते बऱ्याच अंशी लांब साखळीच्या मेदासारखेच वागते. औषधी एमसीटी तेल वेगळे मिळते.

सुजलेला पाय घेऊन महिला तालुक्याच्या दवाखान्यात येते, त्या क्षणाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे एका पानाची सूचना असावी. सूज एका-दोन दिवसांत, एकाच पायाला, पोटरीच्या दुखण्यासह आली असेल तर ती शिरेतली गुठळी समजून त्याच दिवशी शिरांची डॉपलर सोनोग्राफी करावी, त्याआधी पाय चोळू नये आणि पट्टी बांधू नये. थंडी वाजून ताप आणि पाय लालबुंद असेल तर तो जंतुसंसर्ग. उपचार संपून बराच काळ लोटल्यावर सूज झपाट्याने वाढली आणि सोबत पायात कळा किंवा बधिरपणा असेल, तर कर्करोग परतला आहे का हे स्कॅन करून पाहावे. हळूहळू, जडपणाने, मांडीकडून आलेली सूज असेल तर लिम्फिडिमाच्या मार्गाने जावे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत आणखी एक गोंधळ होतो. तिथे हत्तीरोग आहे, त्यामुळे सुजलेला पाय दिसला की पहिला संशय त्याचाच. रात्री रक्त तपासावे, जरूर. पण पोटावरचा व्रण आणि कर्करोगाचा इतिहास विचारल्याशिवाय हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या हातात ठेवू नयेत.

जंतुसंसर्गावर थांबून लिहितो, कारण सुजेला खरा वेग तोच देतो. प्रत्येक झटक्यात उरलेल्या लसिकावाहिन्या आणखी खराब होतात, सूज वाढते आणि वाढलेली सूज पुढच्या झटक्याला आमंत्रण देते. जंतू शिरतात ते बहुधा अगदी लहान जागेतून: बोटांच्या बेचक्यातील चिखल्या, टाचेच्या भेगा, काट्याची जखम, डासाचा चावा खाजवून झालेला ओरखडा. भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहिले की बेचक्यांची त्वचा पांढरी पडून सुटते. म्हणून रोज साबणाने पाय धुणे, प्रत्येक बेचके सुक्या फडक्याने टिपणे, चिखल्या दिसल्याबरोबर बुरशीचे मलम, टाचांना व्हॅसलिन आणि शेतात बंद पादत्राणे हा उपचारच आहे. पाय सुजायला लागला की जोडवी वेळीच काढावीत, नंतर ती कापावी लागतात. परकराची नाडी काचेपर्यंत आवळू नये. आणि बिब्बा, डाग, चुन्याचा लेप, गरम शेक यांपैकी काहीही त्या पायाला लावू नये. बिब्ब्याने त्वचा भाजते आणि फोड फुटला की जंतूंना दार उघडे. ही यादी डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावी. गोंडी आणि कोरकू बोलणाऱ्या भागांत आशाताईंकडून ती तोंडी पोहोचवावी.

झटका आल्यावर पेनिसिलीन गटातील प्रतिजैविक किमान 14 दिवस द्यावे. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून पाचव्या दिवशी औषध थांबवले की संसर्ग पुन्हा उसळतो. पेनिसिलीनची अॅलर्जी आधी विचारावी. त्या दिवसांत दाबाची पट्टी काढून ठेवावी आणि पाय उंच ठेवावा. वर्षात दोन किंवा अधिक झटके आले तर प्रतिबंधक औषध सुरू करावे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील 2013 च्या अभ्यासात पायाचा संसर्ग वारंवार होणाऱ्यांना पेनिसिलीन 250 मिलिग्रॅम दिवसातून 2 वेळा वर्षभर दिले, तेव्हा औषध चालू असेतो पुन्हा संसर्ग होण्याचा धोका 45 टक्क्यांनी घटला. रोजच्या गोळ्या नियमित मिळत नसतील तिथे बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन हा पर्याय आहे. संधिवाताच्या हृदयविकारासाठी ते आपल्याकडे दिले जातेच. ही औषधे स्वस्त आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या साठ्यात ती संपू न देणे एवढेच करायचे आहे.

मुख्य उपचार दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात 2 ते 4 आठवडे रोज त्वचेची निगा, हलक्या हाताने लसिका निचरा करणारे मर्दन, थरांची पट्टी आणि पट्टीतच व्यायाम. पट्टीचा क्रम असा: त्वचेवर सुती नळीचा मोजा, बोटांना अरुंद गॉज, त्यावर कापूस किंवा फोम, मग कमी ताणाच्या पट्ट्या. पाऊलाला 6 किंवा 8 सेंमी रुंदीची, पोटरीला 10, मांडीला 12. मांडीपर्यंत एका पायाला साधारण 6 ते 8 पट्ट्या लागतात. खाली दाब जास्त, वर कमी. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या किंवा दुखले तर पट्टी लगेच सोडायची, हे महिलेला आणि घरच्यांना पक्के शिकवावे.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे औषधाच्या दुकानातली कोणतीही पट्टी गुंडाळणे. साधी क्रेप काही तासांत ढिली पडते. खूप ताणणारी रबरी पट्टी उलट आडवे पडल्यावरही आवळत राहते आणि चालताना हवा तेवढा दाब देत नाही. कमी ताणाची पट्टी स्नायू हलताना भिंतीसारखी उभी राहते आणि आराम करताना सैल वागते, म्हणून ती हवी. पट्टी किंवा मोजा देण्याआधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे. ते 0.5 पेक्षा कमी असेल तर दाब देऊच नये, 0.5 ते 0.8 मध्ये कमी दाब आणि तज्ज्ञाची देखरेख. मधुमेहात हा आकडा फसवा जास्त येऊ शकतो, म्हणून पायाची नाडी हाताने तपासावीच.

हवा भरणारे पंप घरी घ्यायला सांगण्याआधी जांघ आणि गुप्तांग तपासावे. वरचा मार्ग मोकळा नसताना पंप पायातले पाणी वर ढकलतो आणि ते गुप्तांगात साठू शकते. ज्यांना आधी तिथे सूज नव्हती त्यांनाही मग ती येऊ शकते.

दुसरा टप्पा मोज्यांचा, आणि तो जन्मभराचा. सूज पूर्ण उतरल्यावर, सकाळी माप घेऊन, सपाट विणीचा मोजा शिवून घ्यावा लागतो. बहुतेकींना 23 ते 32 मिमी पाऱ्याचा दाब लागतो, घट्ट सुजेला 34 ते 46. शिरा फुगलेल्यांसाठीचे तयार गोल विणीचे मोजे मांडीवर गुंडाळी होऊन खाली सरकतात, तिथे दोरीसारखे काचतात आणि सूज वाढवतात. गुडघ्यापर्यंतचा मोजा तर मांडीच्या सुजेला स्पर्शही करत नाही. जांघ आणि ओटीपोटही सुजलेले असेल तर कमरेपर्यंतचा पँटसारखा मोजा हवा. एक धुण्यात, एक अंगावर, म्हणून दोन लागतात, आणि साधारण 6 महिन्यांत ताण संपतो. गरम पाणी, कडक ऊन आणि इस्त्री यांनी तो त्याहून लवकर मरतो. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड येते आणि नखांनी वीण फाटत नाही. विदर्भात मे महिन्यात हे अंगावर ठेवणे अवघड असते. मोज्यावर अधूनमधून पाणी शिंपडले तर निभावते.

चालणे, पायऱ्या, वजनाचे हळूहळू वाढवलेले व्यायाम या पायाला चालतात, मोजा किंवा पट्टी घालून. ‘पायाला जपा, फार हलवू नका’ हा जुना सल्ला बंद करावा. लसिकावाहिन्या आणि शिर जोडण्याच्या सूक्ष्म शस्त्रक्रिया काही निवडक महिलांना उपयोगी पडतात. पण मोजा सुटत नाही आणि सुरुवात कधीही तिथून होत नाही.

म्हणून राज्य आरोग्य हमी सोसायटीला विनंती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला, पैसे मंजूर करण्याआधी, शस्त्रक्रियेपूर्वीच्या पायांच्या मापाचा कागद जोडणे सक्तीचे करा. लिम्फिडिमाच्या पहिल्या टप्प्याच्या उपचाराचे, पट्ट्यांसह, स्पष्ट पॅकेज ठेवा. मापाचे मोजे वर्षातून 4, म्हणजे दर 6 महिन्यांना 2, योजनेतून द्या. मोजा न परवडल्याने सूज परत येते आणि तीच महिला संसर्गाने दाखल होते. तो दाखल होण्याचा खर्च तुम्हीच भरता.

सार्वजनिक आरोग्य विभागाला विनंती वेगळी आहे. हत्तीरोगाच्या रुग्णांना पाय धुण्याची पद्धत शिकवणारी आणि टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच देणारी व्यवस्था आपल्याकडे तयार आहे. देशाने 2027 पर्यंत हत्तीरोग निर्मूलनाचे ध्येय ठेवले आहे. ते गाठले तरी सुजलेले पाय राहणारच आहेत, आणि ही कुशल माणसे विखरून जाऊ देणे परवडणारे नाही. या पथकांच्या यादीत कर्करोगाच्या उपचारानंतर सूज आलेल्या महिला आजच घाला. पाय तोच, धुण्याची रीत तीच.

वैद्यकीय शिक्षण विभागाने प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एक फिजिओथेरपिस्ट आणि एक परिचारिका अशी जोडी या उपचाराच्या प्रशिक्षणाला पाठवावी, आणि प्रशिक्षणानंतर किमान 3 वर्षे त्यांची बदली दुसऱ्या विभागात करू नये. शिकून आलेली परिचारिका सहा महिन्यांत अपघात विभागात गेली की त्या रुग्णालयातील पट्टी बांधणे तिथेच थांबते.

मापाचा एका पानाचा मराठी तक्ता, डिस्चार्ज कार्डावरची सूचना आणि तालुका दवाखान्यासाठीचे पान आम्ही तयार केले आहे. कोणत्याही सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाला ते विनामूल्य देऊ आणि पहिले दोन दिवस ओपीडीत उभे राहून माप घ्यायला शिकवू. खर्च फक्त टेपचा आहे.

आपले,
स्त्री-कर्करोग शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि परिचर्या क्षेत्रांत काम करणारे सहकारी